डाव्या हातातला कप

माझं काम लक्षात ठेवण्याचं होतं.
सिगारेट किती जळलीय, कॉलर आत की बाहेर,
केसांची बट कोणत्या कानामागे.
बरबँकच्या नऊ नंबरच्या स्टुडिओत
कॅमेऱ्याशेजारी घडीची खुर्ची, मांडीवर वही,
गळ्यात स्टॉपवॉच.
सात वर्षं मी एका बाईचे हात लिहून काढले.

पडद्यावर ती लॉर्ना हेल.
घरच्या पत्रांवर ल्युडमिला ह्राबचाक,
यंग्सटाउन, ओहायो. बाप पोलादाच्या भट्टीवर.
एवढं नाव पोस्टरवर मावायचं नाही, निर्माता म्हणाला.
आखूड करून घेतलं, तरी ते
तळाच्या बारीक अक्षरांतून वर काही सरकलं नाही.

पहिल्या सिनेमात एकच वाक्य: "तुमची हॅट, साहेब."
त्यासाठी तीन दिवस ॲरिझोनाच्या उन्हात उभी.
दुसऱ्यात बुडाली. तिसऱ्यात नवऱ्याने गळा दाबला.
मरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.
उघड्या डोळ्यांनी मिनिटभर छताकडे बघायची,
पापणी हलायची नाही,
आणि "कट" ऐकलं की उठून विचारायची,
जेवायला काय आहे?

मग टीव्ही. मंगळवारी रात्री नऊला
रात्रपाळीची नर्स टॉलिव्हर.
डॉक्टर दर हंगामात नवे, त्यांची प्रेमं नवी.
हिने कुणाच्या तरी उशाशी वाकून म्हणायचं,
"झोपा आता. मी आहे."
दुकानात भाजीच्या रांगेत बायका तिला गाठायच्या,
वरचं बटण सोडून
काखेतली गाठ दाखवायच्या.
ती नीट बघायची. म्हणायची,
"डॉक्टरला दाखवा. खऱ्या."

चौथा हंगाम, नोव्हेंबर, प्रसंग एक्केचाळीस.
लांबचा शॉट झाला. कॉफीचा कप डाव्या हातात.
दिवे हलवत होते तेवढ्यात पोऱ्या धावत आला:
यंग्सटाउनहून फोन.
सेटच्या मागे, वाळूच्या बादल्यांपाशी
ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
बोलली फारशी नाही. एकदा स्लोव्हाक शब्द ऐकू आला,
मला न कळणारा.
परत आली, नाकावर पावडर लावून घेतली. "चला."
जवळचा शॉट.
कप उजव्या हातात.

मी तोंड उघडलं होतं.
त्याचाच मला पगार मिळायचा.
मिटलं.

सातव्या हंगामात तिने पगारवाढ मागितली.
दोन आठवड्यांत हॉस्पिटलच्या लिफ्टची केबल तुटली,
नर्स टॉलिव्हर जागच्या जागी.
एक्केचाळिसाव्या वर्षी ती आई झाली,
मुलगा अडतीस वर्षांचा, त्याचे केस रंगवलेले.
मग कवळीच्या डिंकाची जाहिरात.
मग एकदा आजीच्या भूमिकेसाठी बोलावलं, आणि कळवलं
की तुम्ही आजीसारख्या दिसत नाही.
त्या दिवशी ती इतकी हसली
की मला तिला पाणी द्यावं लागलं.

आता व्हॅन नाइसला दोन खोल्या, एक बहिरं मांजर.
पहाटे तीनला कुठल्याशा चॅनेलवर नर्स टॉलिव्हर
अजून कुणाला तरी झोपवते.
त्याचा चेक येतो, सतरा सेंटांचा.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.
ती बस पकडून बँकेत जाते आणि तो वटवते.
रोखपाल पोरगी पहिल्यांदा हसली होती. आता हसत नाही.

टल्सामधल्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी
स्टुडिओला पत्र लिहिलं. फिरत फिरत माझ्याकडे आलं.
कप हात बदलतो, ते लिहितात, आणि खाली
लाल शाईने रेघ: संबंधितांचा अक्षम्य हलगर्जीपणा.

संबंधित मी.
उत्तर अजून दिलं नाही. वही मात्र काढून पाहिली.
अक्षर माझंच, खाडाखोड नाही.
एक्केचाळीस: कप, डावा.
एक्केचाळीस अ: कप, उजवा.
मधल्या रकान्यात फक्त वेळ. चाळीस मिनिटं.
आणि शेरा: टेक चांगला. हाच ठेवावा.